डोम तोच, उजेड नवा

अंबरनाथ पश्चिमेला विमको नाका आहे. रिक्षावाल्याला एवढं सांगितलं की पुरतं, पण ज्या कारखान्यावरून हे नाव पडलं तिथल्या आगपेट्या केव्हाच बंद झाल्या. विमको म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, स्वीडनच्या आगपेटी उद्योगाने १९२३ मध्ये भारतात काढलेली कंपनी. अंबरनाथला तिचा मोठा कारखाना होता, आणि तिच्या 'शिप' आणि 'होमलाइट्स' आगपेट्या घराघरांत होत्या. आता तिचा मोटारसायकलशी काय संबंध? संबंध असा की सुरुवातीच्या मोटारसायकलींचा पुढचा दिवा बटणाने लागत नव्हता, तो काडीने पेटवावा लागायचा.

तो दिवा कार्बाइडचा. पितळी भांड्याचे दोन कप्पे असत, खालच्यात कॅल्शियम कार्बाइडचे खडे आणि वरच्यात पाणी. वरची चावी थोडी सैल केली की थेंब थेंब पाणी खड्यांवर पडायचं, अ‍ॅसिटिलीन वायू तयार व्हायचा आणि नळीतून बर्नरपर्यंत जायचा. बर्नरच्या दोन बारीक भोकांतून निघालेल्या धारा एकमेकींवर आदळून माशाच्या शेपटीसारखी चपटी ज्योत व्हायची. ज्योतीमागे अंतर्वक्र आरसा, पुढे जाड काच. रॉकेलच्या दिव्यापेक्षा हा उजेड कितीतरी पांढरा आणि प्रखर. प्रवास संपला की भांड्यातली ओली चुन्याची राख खरवडून टाकायची आणि हात धुवायचे. तरी त्या राखेचा वास जात नसे.

असे दिवे आणि त्यांच्या नकला आता पुन्हा गाड्यांवर दिसतात. काही मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवरून आलेले असतात. काही नवेच, पण जुने वाटावेत म्हणून पितळेचा मुलामा दिलेले. त्यांच्या पोटात ज्योतीऐवजी एलईडी बसवायचा, किंवा जुन्या बुलेटच्या डोममधला पिवळा बल्ब काढून पांढराशुभ्र उजेड पाडायचा, हे काम सोपं समजलं जातं. अर्ध्या तासात होतंही. मात्र समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांना काय सोसावं लागतं हे त्याच रात्री कल्याण–बदलापूर रस्त्यावर उभं राहिलं तर कळतं. दिवा बदलणं म्हणजे बल्ब बदलणं नव्हे. जुन्या दिव्यात उजेडाची जागा ठरलेली असते, आणि नवा उजेड नेमका त्या जागी बसवता आला तरच दिवा बदलला असं म्हणता येतं.

या उद्योगाला उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर हा पट्टा चांगला आहे. उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभं केलेलं शहर. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याला आजचं नाव मिळालं, पण पत्ते अजून कॅम्प नंबरानेच सांगतात. बाहेरून आलेली वस्तू उघडून पाहायची आणि मग आपण करायची, ही या शहराची जुनी सवय. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मुंबईच्या लोकलमध्ये दोन पिढ्या चालला. शेजारी अंबरनाथ. तिथल्या आयुध निर्माणीत पितळेची काडतूस-कवचं बनतात आणि आनंदनगर एमआयडीसीत यंत्रांची लहानमोठी कामं होतात. बदलापूरच्या पुढे मात्र रस्त्यांवरचे खांब संपतात. बारवी धरणाकडे, कोंडेश्वरकडे किंवा कर्जतच्या दिशेने संध्याकाळनंतर निघालात तर गाडीचा दिवा हाच काय तो उजेड.

कामाला हात घालण्याआधी गाडी कोणती ते ठरवावं लागतं. खरोखर जुनी, म्हणजे ६ व्होल्टची बुलेट, म्हैसूरच्या आयडियल जावाची जावा किंवा येझदी, एस्कॉर्ट्सची राजदूत, भांडुपला बनलेली लॅम्ब्रेटा, हा एक प्रकार. दिसायला जुनी पण आतून नवी, उदाहरणार्थ रॉयल एनफील्डची क्लासिक, हा दुसरा. तिसरा प्रकार म्हणजे मोटर बसवलेली सायकल. तिच्या हँडलला पितळी दिवा लावायची हौस अनेकांना असते. तिन्हींची वीज वेगळी, काच वेगळी आणि कायदाही वेगळा.

जुन्या गाडीच्या मालकाची तक्रार ठरलेली असते. दिवा लागतो, पण उजेड पडत नाही. मेकॅनिकचं पहिलं उत्तर 'एलईडी टाका' असं असतं. माझं मत उलट आहे. आधी एक संध्याकाळ वायरिंगला द्यावी. ६ व्होल्टवर ३५ वॅटचा बल्ब जळतो तेव्हा तारेतून जवळजवळ ६ अँपिअर प्रवाह वाहतो, आणि १२ व्होल्टवर तेवढ्याच वॅटच्या बल्बला ३ अँपिअर पुरले असते. बॅटरीपासून होल्डरपर्यंत स्विच, कप्लर, गंजलेली टर्मिनलं आणि हँडलच्या बेअरिंगमधून कसाबसा मिळणारा अर्थ असे पाच-सात जोड असतात. त्या सगळ्यांचा मिळून विरोध फक्त ०.२ ओहम धरला, तरी ६ अँपिअरला १.२ व्होल्ट वाटेतच जिरतात. सहातला पाचवा हिस्सा गेला. तापलेल्या तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने कमीजास्त होतो, त्यामुळे व्होल्टेज २० टक्क्यांनी पडलं की उजेड निम्म्याच्याही खाली येतो. ज्याला आपण 'जुन्या गाडीचा मिणमिणता दिवा' म्हणतो, तो बऱ्याचदा मूळ दिवा नसतोच. मूळ दिव्याचा अर्धा-पाऊण भाग तांब्यावरच्या हिरव्या गंजाने खाल्लेला असतो. टर्मिनलं घासा, डोमपासून थेट बॅटरीच्या अर्थपर्यंत एक जाड वायर ओढा, शक्य असेल तर रिले बसवा. खर्च शंभर-दोनशे रुपयांचा, आणि काही गाड्यांना एवढंच पुरतं.

त्यानंतर आरसा. जुन्या डोममधला रिफ्लेक्टर काळवंडला की लोक तो क्रोम करून आणतात, कारण क्रोम चकचकीत दिसतो. डोळ्यांना चकचकीत आणि दिव्याला चकचकीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांदी जवळजवळ ९५ टक्के दृश्य प्रकाश परत फेकते, अ‍ॅल्युमिनियम नव्वदीच्या आसपास, क्रोम मात्र साठ-पासष्टच्या घरात. क्रोमचा रिफ्लेक्टर बसवला तर एक तृतीयांश उजेड डोममध्येच राहिला. चांदीची अडचण वेगळी. गंधकाचे वायू तिला काळं करतात, आणि वालधुनी नदीच्या काठावर राहणाऱ्यांना हे वायू कसे असतात ते नाकाने माहीत आहे. म्हणून निर्वातात अ‍ॅल्युमिनियमची वाफ बसवून घेणं हा व्यवहारी मार्ग. मोटारींच्या दिव्यांचे रिफ्लेक्टर असेच होतात, आणि हे काम करून देणारे मुंबई-ठाण्यात सापडतात.

आता मुख्य गोष्ट. रिफ्लेक्टरची वाटी अन्वस्त आकाराची असते, म्हणजे तिच्यात एक बिंदू असा असतो की तिथे ठेवलेल्या उजेडाचे सगळे किरण वाटीवर आपटून समांतर होऊन पुढे जातात. अप्परची तार त्या बिंदूपाशी असते. डिप्परची तार त्याच्या थोडी पुढे, काचेच्या बाजूला असते, आणि तिच्या खाली नखाएवढा पत्र्याचा चषक असतो. ही चतुराई मला फार आवडते. तार बिंदूच्या पुढे सरकली की वाटीच्या वरच्या अर्ध्यावर पडलेले किरण परतताना खाली झुकतात आणि खालच्या अर्ध्यावर पडलेले वर उठतात. वर उठणारे किरण समोरच्याच्या डोळ्यांत जाणार, म्हणून त्यांना मुळातच चषकाने अडवायचं. कुठलीही हलणारी गोष्ट न वापरता, एका पत्र्याच्या तुकड्याने उजेडाला आडवी धार मिळते. हॅलोजनच्या एच४ बल्बमध्ये ही तार पाच-साडेपाच मिलिमीटर लांब आणि जेमतेम सव्वा-दीड मिलिमीटर जाड असते. बल्बची कॉलर कारखान्यातच तारेपासून ठरलेल्या अंतरावर जोडलेली असते. म्हणून तर बल्ब बदलल्यावर फोकस पुन्हा जुळवावा लागत नाही.

या जागेत एलईडी बसवायचा आहे. एलईडीची अडचण ही की तो सगळीकडे उजेड फेकत नाही. तारेचा किंवा ज्योतीचा उजेड चारी बाजूंना जातो, एलईडीचा चिप सपाट असतो आणि समोरच्या अर्ध्या गोलातच उजेड देतो. म्हणून बदली बल्बमध्ये मधोमध एक पातळ पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंना चिप असतात. ही पट्टी जितकी पातळ तितकी ती जुन्या तारेच्या जवळ. दोन मिलिमीटरच्या आतबाहेर असेल तर वाटीला फसवता येतं. बाजारात सहा बाजूंना चिप असलेले, मक्याच्या कणसासारखे दिसणारे बल्ब मिळतात. ते भिंतीवर भरपूर पांढरे दिसतात आणि रस्त्यावर काहीही दाखवत नाहीत, कारण त्यांचा उजेड त्या बिंदूपासून चोहीकडे पाच-सात मिलिमीटर पसरलेला असतो. पट्टी बसवताना चिप डावीकडे आणि उजवीकडे तोंड करून हवेत, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या दिशेला. वर-खाली झाले तर धार मोडते. चांगल्या बल्बची कॉलर सैल करून हे जुळवता येतं. ज्यांची कॉलर फिरत नाही ते दुकानातच ठेवावेत.

खोक्यावर '२०,००० ल्युमेन' वगैरे छापलेलं असतं. एक साधा हिशेब पुरतो. पांढरा एलईडी गाडीच्या दिव्यात एका वॅटला साधारण शंभर ते दीडशे ल्युमेन देतो. मीटर लावून बल्ब ३० वॅट घेतो असं दिसलं, तर उजेड तीन ते साडेचार हजार ल्युमेन, त्याहून जास्त नाही. हॅलोजन एच४ अप्परला सुमारे १,६५० आणि डिप्परला १,००० ल्युमेन देतो, तेव्हा तीन हजारसुद्धा पुष्कळ झाले. चुकीच्या जागी पडले तर तीन हजार ल्युमेन फक्त त्रास देतात.

दुसरा मार्ग आख्खा डोमच बदलण्याचा. इथे एक ऐतिहासिक योग जुळून आला आहे. १९४० पासून अमेरिकेत मोटारींना सात इंची गोल हेडलाईट ठरवून दिला गेला आणि तो आकार जगभर पसरला. अँबॅसडर, जीप, मारुती जिप्सी, महिंद्रा थार आणि बुलेट, सगळ्यांच्या डोमची गोलाई एकच. त्यामुळे जीपसाठी बनवलेलं सात इंची एलईडी युनिट बुलेटच्या रिममध्ये बसतं. अशा युनिटमध्ये चिप, लेन्स आणि धार कापणारा पत्रा एकत्र जुळवलेले असतात, त्यामुळे दर्जा चांगला असेल तर उजेड बदली बल्बपेक्षा कितीतरी शिस्तीचा पडतो.

पण एक खोच आहे, आणि ती फार थोडे जण पाहतात. चारचाकीच्या धर्तीच्या हेडलाईटमध्ये डिप्परची धार सरळ आडवी नसते, एका बाजूला ती वर चढते, जेणेकरून कडेचे पादचारी आणि पाट्या दिसाव्यात. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून ती डावीकडे चढायला हवी. अमेरिकेत किंवा जर्मनीत वाहतूक उजवीकडून चालते, तिथल्यासाठी बनलेल्या युनिटची धार उजवीकडे चढते. ते बुलेटला लावलं की डिप्पर मारूनही नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत झोत जातो. विकणाऱ्याला हे माहीत नसतं, घेणाऱ्याला तर नाहीच. दुकानात बॅटरी जोडून समोरच्या शटरवर झोत पाडा. पायरी डावीकडे चढत असेल तर घ्या, उजवीकडे चढत असेल तर कितीही स्वस्त असो, परत द्या.

चेहऱ्याचाही प्रश्न आहे. सात इंची युनिटमध्ये बहुतेक वेळा पुढे स्वच्छ काच आणि आत किड्याच्या डोळ्यांसारख्या लेन्स असतात. १९५४ पासून रॉयल एनफील्डच्या डोमवर दोन बाजूंना दोन छोटे पायलट लॅम्प असतात, ज्यांना आपल्याकडे टायगर लाईट म्हणतात. त्या दोन पिवळसर डोळ्यांमध्ये हे निळसर यंत्र ठेवलं की गाडीची सगळी ऐट गेली, असं मला वाटतं. कंपन्यांना हे उशिरा का होईना कळलं. २०२४ च्या क्लासिक ३५० ला कारखान्यातूनच एलईडी हेडलाईट आणि एलईडी पायलट लॅम्प आले. चाकणला बजाजच्या कारखान्यात बनणाऱ्या ट्रायम्फ स्पीड ४०० ला गोल डोममध्ये एलईडी आहे. जुन्या गाडीसाठी खाचांची मूळ काच ठेवून आत चांगला पातळ पट्टीचा बल्ब, हा माझ्या मते दिसण्याच्या आणि दाखवण्याच्या मधला बरा मार्ग. त्या खाचा नक्षीसाठी नाहीत. प्रत्येक खाच म्हणजे उजेड आडवा पसरवणारा एक छोटा लोलक आहे.

कार्बाइडच्या किंवा सायकलच्या जुन्या दिव्याचं मात्र निराळं. तिथे आरसा दोन-तीन इंचांचा आणि ज्योतीची जागा त्याच्या पुढ्यात. हौशी माणूस एलईडी तिथे चिकटवतो आणि तोंड रस्त्याकडे करतो. मग आरशावर उजेड पडतच नाही आणि दिवा नुसता चमकतो. एलईडीचं तोंड उलटं, आरशाकडे करायला हवं. एक तांब्याची पातळ पट्टी बर्नरच्या जागेतून वर आणायची आणि तिच्या आरशाकडच्या बाजूला चिप बसवायचा. पट्टीची थोडी सावली पडते, ती चालते. मोटरच्या सायकलची बॅटरी ३६ किंवा ४८ व्होल्टची असते, त्यामुळे मध्ये व्होल्टेज उतरवणारा छोटा कन्व्हर्टर लागतो. तो आणि ड्रायव्हर कार्बाइडच्या रिकाम्या कप्प्यात अगदी नीट मावतात. हे काम करताना जो आनंद मिळतो तो बुलेटच्या डोममध्ये मिळत नाही.

विजेकडे येऊ. पांढऱ्या एलईडीच्या एका चिपला साधारण तीन व्होल्ट लागतात, आणि बल्बमध्ये असे अनेक चिप ओळीने जोडलेले असतात. बाजारातल्या बहुतेक बल्बवर ९ ते ३२ व्होल्ट असं लिहिलेलं असतं. ६ व्होल्टच्या जावाला तो लावला तर एकतर पेटतच नाही किंवा इंजिन तापून डायनॅमो जोरात फिरू लागला की मधूनच उजळतो. त्याला ६ व्होल्टसाठी बनवलेला, व्होल्टेज वाढवून देणारा ड्रायव्हरच हवा. जुन्या इंग्लिश मोटारसायकलींपैकी अनेकींचा अर्थ पॉझिटिव्ह असतो. साध्या बल्बला त्याचं काही देणंघेणं नव्हतं, तार कुठूनही वीज आली तरी तापते. एलईडी म्हणजे डायोड, त्यातून वीज एकाच दिशेने जाते. त्यातही बल्बचं धातूचं अंग निगेटिव्हला जोडलेलं असतं आणि ते डोमला टेकलं की सरळ शॉर्ट. अशा गाडीवर बल्ब डोमपासून वेगळा ठेवून दोन्ही तारा स्वतंत्र आणाव्या लागतात.

लुना, जुनी स्कूटर आणि बऱ्याच हलक्या मोटारसायकलींमध्ये हेडलाईट बॅटरीवर नसतोच, मॅग्नेट कॉईलमधून येणाऱ्या एसीवर थेट चालतो. म्हणून तर १९७२ साली आलेल्या लुनाचा दिवा उतारावर झळकायचा आणि सिग्नलला थांबल्यावर मरगळायचा. एसीवर एलईडी लावला तर तो लुकलुकतो, आणि कॉईलमधून उसळलेल्या व्होल्टेजने ड्रायव्हर काही दिवसांत जळतो. मेकॅनिक 'डीसी करून घ्या' म्हणतात ते बरोबर आहे. पण नुसती वायर बॅटरीवर नेऊन भागत नाही. कॉईलमधून बॅटरीला येणारा भरणा दिव्याच्या खर्चापेक्षा जास्त आहे का, हे अँमीटरने पाहावं लागतं. इथे एलईडीचा खरा फायदा. ३५ वॅटच्या जागी १५ वॅटचा लावला तर १२ व्होल्टला सव्वा अँपिअर पुरतो, आणि अशक्त कॉईलही तेवढं पेलते. याच्या उलट, ३५ वॅटच्या होल्डरमध्ये १०० वॅटचा हॅलोजन ठोकायचा जुना शौक होता. त्याने होल्डर वितळायचा, रिफ्लेक्टरचा मुलामा उलायचा आणि सकाळी गाडीला किक लागायची नाही.

एलईडी थंड असतो असं म्हणतात, ते अर्धंच खरं. पुढे फेकलेला उजेड थंड असतो. चिपची पाठ मात्र तापते, कारण घेतलेल्या विजेतला निम्म्याहून जास्त भाग उष्णताच होतो, आणि ती उष्णता साध्या बल्बसारखी समोर निघून जात नाही. ती धातूतून मागे ओढून काढावी लागते. तांबं उष्णता वाहून नेण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ दुप्पट. पितळ अ‍ॅल्युमिनियमच्या निम्म्याने, तरी लोखंडी पत्र्याच्या दुपटीने. म्हणून पितळी दिव्याच्या अंगालाच उष्णता-पेस्ट लावून चिप घट्ट बसवला तर दिवा स्वतःच हीटसिंक होतो. बल्बच्या पाठीमागचा छोटा पंखा मला पसंत नाही. बंद डोममध्ये तो तीच गरम हवा फिरवतो, आणि एक पावसाळा झाला की कुरकुरायला लागतो.

पावसाळ्याबद्दल या पट्ट्यात हातचं राखून बोलता येत नाही. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली, ती इथल्याच उल्हास नदीच्या काठी. हॅलोजन डोममध्ये शिरलेली ओल स्वतःच्या उष्णतेने वाळवून टाकतो. एलईडीने काच तापत नाही, म्हणून आत जमलेलं धुकं तासभर चालूनही तसंच राहतं. डोमची रबरी गॅसकेट नवी घ्यावी, आणि खालच्या बाजूला हवा खेळण्यापुरतं एक बारीक भोक उघडं ठेवावं. पूर्ण सीलबंद करण्याच्या नादात लोक सिलिकॉन भरतात आणि ओल आतच कोंडतात.

पिवळा उजेड पावसात आणि धुक्यात 'आरपार जातो' ही समजूत घट्ट आहे. पावसाचे आणि धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरींपेक्षा खूप मोठे असतात, ते पिवळ्या-निळ्यात फारसा फरक करत नाहीत. तरीही हॅलोजन पावसात सुखाचा वाटतो याला कारणं आहेत. त्याचा रंग ३,२०० केल्विनच्या आसपास, स्वस्त एलईडीचा ६,००० ते ६,५००. निळसर उजेड तेवढ्याच प्रमाणात असला तरी डोळ्यांना जास्त टोचतो, आणि थेंबांवरून परतलेला झोत चालवणाऱ्याच्याच अंगावर येतो. त्यात ओला डांबरी रस्ता पाण्याच्या पापुद्र्यामुळे आरशासारखा वागतो. त्यावर पडलेला उजेड आपल्याकडे परत न येता पुढे निघून जातो, म्हणून आपल्याला रस्ता काळा दिसतो आणि समोरच्याला मात्र दोन दिवे दिसतात, एक वर आणि एक रस्त्यात. वॅट वाढवून यावर उपाय होत नाही. ४,००० ते ४,५०० केल्विनचा बल्ब घ्यावा आणि वेग कमी ठेवावा.

कायद्याचं काय, हा प्रश्न कल्याणच्या आरटीओच्या दारात सुचण्यापेक्षा आधी सुचलेला बरा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या रचनेत मालकाला परस्पर बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका खटल्यात हे आणखी कडक शब्दांत सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने सुटे भाग बदलून केलेल्या बेकायदा फेरफारासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. १ एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाक्यांचा हेडलाईट इंजिनसोबत आपोआप लागतो. त्यात परत स्विच घालणं हाही फेरफारच. एलईडी किटसोबत येणारी लाल रंगाची कडी तर लावूच नये, वाहनाच्या पुढच्या बाजूला लाल दिवा नियमाने चालत नाही. जर्मनीसारख्या देशातही हॅलोजनच्या जागी एलईडी बल्बला २०२० पर्यंत परवानगी नव्हती. मिळाली तीही ठरावीक बल्ब आणि ठरावीक मॉडेलच्या जोडीलाच, कारण प्रत्येक डोमची भूमिती वेगळी.

खऱ्या जुन्या गाडीच्या मालकाने आणखी एक पाहावं. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२१ मध्ये 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी सुरू झाली, तिला अट मूळ रूपाची. अशी गाडी रोज चालवायचीही नसते, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. तिच्यात एलईडी कशाला? वायरिंग घासा, रिफ्लेक्टर चकाकवा आणि तिला तिच्या काळातच राहू द्या. रोज वापरायच्या जुन्या गाडीत बदल केलाच तर कापाकापी न करता, मूळ कप्लर शाबूत ठेवून करा. काढलेला डोम, होल्डर आणि बल्ब कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा.

शेवटचं काम भिंतीचं. गाडी सपाट जागेवर भिंतीपासून दहा मीटरवर उभी करायची. उल्हासनगरच्या गल्लीत दहा मीटर सपाट जागा मिळाली तर नशीब, नाहीतर पाच मीटरवर माप निम्मं धरायचं. टायरमध्ये हवा योग्य हवी आणि गाडीवर माणूस बसलेला हवा, नेहमी डबलसीट जात असाल तर दोघंही, कारण मागचं शॉकअप दबलं की डोमचं नाक वर होतं. डोमच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखायची. डिप्परची धार त्या रेषेच्या दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली आली पाहिजे. मध्याची उंची ९५ सेंटिमीटर असेल तर पंधरा सेंटिमीटरच्या उताराने झोत त्रेसष्ट मीटरवर जमिनीला टेकतो. ताशी ६० किलोमीटरला हे पावणेचार सेकंदांचं अंतर. नियमाची कसोटी याहून सोपी आहे. दिव्यापासून आठ मीटर समोर, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, तो माणूस दिपता कामा नये. घरातल्या कुणाला तरी तिथे उभं करा आणि विचारा. त्याने हात डोळ्यांवर नेला तर डोमचा स्क्रू सैल करून पुन्हा खाली घ्या.

काटई–कर्जत रस्त्यावरचे खड्डे हा स्क्रू पावसाळाभर हलवत राहतात, तेव्हा खडूची रेघ दसऱ्याला पूजेआधी एकदा पुन्हा तपासायची.